दुबईहून आणलेल्या पीएस५ वर इथलं ॲप मिळत नाही, तिथलं इथं चालत नाही, काय करावं?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमचा दादा सहा वर्षं दुबईत होता, गड्ड्याच्या जत्रेच्या आधी कायमचा घरी आला आणि येताना स्वतःचा पीएस५ (सोनीचा गेमिंग कन्सोल) घेऊन आला. घरातला टीव्ही चांगला ४३ इंची आहे पण स्मार्ट नाही, म्हणून मी म्हटलं पीएस५ जोडला की आप्पांना पण त्याच्यावर मालिका बघता येतील. तर स्टोअरमध्ये इथलं एक मराठी मालिकांचं ॲप शोधलं, नाव पूर्ण टाइप केलं तरी येतच नाही, आणि सैफुल भागात मित्राकडं इथंच घेतलेला पीएस५ आहे त्याच्यावर तेच ॲप मस्त चालतंय. उलट दादानं तिकडचं एक सबस्क्रिप्शन मार्चपर्यंत भरलेलं आहे, ते ॲप उघडतं, पोस्टर दिसतात, प्ले दाबलं की "तुमच्या भागात उपलब्ध नाही". त्याची एक मालिका शेवटच्या चार भागांवर अडकलीय. नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर म्हणाले व्हीपीएन टाका (म्हणजे नेट दुसऱ्या देशातून आल्यासारखं दिसतं) सगळं सुरू होतंय, पण पीएस५ मध्ये व्हीपीएनचं ॲपच कुठं सापडत नाही. नेट लोकल केबलवाल्याचं फायबर आहे. दोन रविवार गेले यात, कुणाला माहीत असेल तर नीट सांगा प्लीज.

होटगीरोड_गेमर
भाऊ तुमचे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दुकानवाल्यानं दोन्हीला एकच औषध दिलंय, म्हणून गोंधळ झालाय. स्टोअरमध्ये कुठलं ॲप दिसणार हे ठरतं पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क) अकाउंटच्या देशावरून. दादाचं अकाउंट यूएईचं, म्हणून त्यांना यूएईचं स्टोअर दिसतं, मग कन्सोल सोलापुरात असो नाहीतर अक्कलकोटात. आणि ॲप उघडल्यावर आत काय प्ले होणार हे ठरतं आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे नेट कुठल्या देशातून येतंय त्यावरून. व्हीपीएननं फक्त दुसरं बदलतं. पहिल्याला व्हीपीएन लावून काही उपयोग नाही.

पीएसएन अकाउंटचा देश एकदा टाकला की बदलता येत नाही, सोनीचा नियमच आहे. त्यामुळं दादाचं अकाउंट आहे तसंच ठेवा, त्याच्यात गेम विकत घेतलेले असतील, ट्रॉफी असतील, ते नव्या अकाउंटला येत नाहीत. त्याच पीएस५ वर अजून एक युजर ॲड करा, नवीन ईमेल आयडी घेऊन देश भारत निवडून अकाउंट काढा, फुकट आहे. त्या युजरनं लॉगिन करून स्टोअर उघडा, इथली ॲप दिसतील. आप्पांचं काम एवढ्यात होतं, एक रुपया खर्च नाही. हे आधी करा, दादांच्या मालिकेचं नंतर बघू.

राउटरवाली_ताई
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. आता मालिकेचं. पीएस५ काय, एक्सबॉक्स काय, कन्सोलवर व्हीपीएनचं ॲप टाकायची सोयच नाहीये, तुम्ही शोधून दमलात ते त्यामुळं. मग लोक तीन गोष्टी करतात. राउटरमध्येच व्हीपीएन टाकायचा (केबलवाले जो राउटर देतात त्याच्यात बहुतेक वेळा ती सोय नसते), नाहीतर लॅपटॉपवर व्हीपीएन लावून त्याचं नेट शेअरिंग करून पीएस५ ला द्यायचं, नाहीतर स्मार्ट डीएनएस. स्मार्ट डीएनएसमध्ये सगळं नेट फिरवून नेत नाहीत, तुम्ही कुठून बघताय हे तपासणाऱ्या रिक्वेस्ट तेवढ्या दुसऱ्या देशातून जातात, त्यामुळं स्पीड फारसा पडत नाही. पीएस५ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, सेट अप इंटरनेट कनेक्शन, आपल्या वायफायवर जाऊन ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथं डीएनएस मॅन्युअल करून स्मार्ट डीएनएसवाल्यांनी दिलेले दोन नंबर टाकायचे.

पण पैसे भरायच्या आधी एक गोष्ट बघाच. स्मार्ट डीएनएसवाल्यांकडं तुमचा आयपी नोंदवावा लागतो, आणि आपल्याकडचे बरेच छोटे केबलवाले एकच आयपी पन्नास-शंभर घरांत वाटतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पेजवर वॅन आयपी (केबलवाल्याकडून राउटरला मिळालेला आयपी) बघा. १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, किंवा १० नं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात. मग तो नोंदवलेला आयपी कधी बदलेल सांगता येत नाही, आज चाललं तर उद्या बंद. आमच्याकडं अशोक चौकात हेच झालं होतं, मी वर्षाचे पैसे एकदम भरून बसले होते आणि आठ दिवसांत हैराण झाले. तुमचं तसं व्हायला नको म्हणून कळकळीनं सांगतेय.

विजापूर_रोड_अण्णा
एक मोठा माणूस म्हणून सांगतो, फुकटचा व्हीपीएन लॅपटॉपवर टाकू नका. तुमचं सगळं नेट त्याच्यातून जातं, कोण चालवतंय ते माहीत नसतं, आणि त्याच लॅपटॉपवर बँकेचं काम करता ना तुम्ही? व्हीपीएन वापरणं आपल्याकडं गुन्हा नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इननं (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची, त्यावर नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले, पण वापरणाऱ्याला बंदी नाही आली. मात्र ज्या सर्व्हिसचं सबस्क्रिप्शन आहे तिच्या अटी वाचा, बहुतेक ठिकाणी असं बघायला मनाई लिहिलेली असते, आणि त्यांनी व्हीपीएनचे आयपी ओळखून ब्लॉक केले तर तक्रार कुणाकडं करणार.

हे देशादेशाचं कुंपण का असतं तेही समजून घ्या, उगाच अडवतात असं नाही. हक्क देशानुसार विकले जातात. आयपीएलचे २०२३ ते २७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले, आणि त्यात सुद्धा भारतातला टीव्ही वेगळा, भारतातलं डिजिटल वेगळं, परदेश वेगळा. ज्यानं ज्या देशापुरते पैसे मोजले त्यानं तिथंच दाखवायचं. दादांच्या मालिकेचं पण तेच असणार. इथं तिचे हक्क दुसऱ्या कुणाकडं आहेत का ते शोधा आधी, कधी कधी तीच मालिका इथल्या ॲपवर वेगळ्या ठिकाणी असते.

बाळे_एक्सबॉक्स
विषय पीएस५ चा आहे तरी लिहितो, कारण कुणीतरी शोधत येईल. एक्सबॉक्सवर सेटिंग्जमध्ये लोकेशन बदलता येतं, तीन महिन्यांतून एकदा. पण अकाउंटमध्ये शिल्लक पैसे असतील तर ते आधी संपवा, दुसऱ्या देशात ते येत नाहीत.

आणि जुळे सोलापूर भाऊ, दादांनी तिकडून सिनेमांच्या डिस्क आणल्या असतील तर त्या दादांच्या पीएस५ वर चालतील. इथं घेतलेली ब्लू-रे चालेलच असं नाही, ब्लू-रेला देशांचे गट म्हणजे रीजन असतात, तिकडचा रीजन बी आणि आपला सी. गेमच्या डिस्कला ती अडचण नाही, पण गेमचं डीएलसी (गेमचा वरून घ्यायचा जादा भाग) घ्यायचं तर डिस्क ज्या रीजनची त्याच रीजनच्या अकाउंटवरून घ्यावं लागतं.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पांच्या नावानं भारताचं अकाउंट काढलं, ॲप लगेच आलं, काल रात्री जेवण झाल्यावर तिघांनी बसून मालिका बघितली. ताई, राउटरचं पेज उघडलं, वॅन आयपी १००.८१ नं सुरू होतोय, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच, त्यामुळं स्मार्ट डीएनएसच्या नादाला लागलो नाही. केबलवाल्याला विचारलं तर स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीचे महिन्याला वेगळे पैसे म्हणाला, चार भागांसाठी दादा नको म्हणतोय. अण्णांनी सांगितल्यावर त्यानं शोधलं तर ती मालिका इथं दुसऱ्या ॲपवर आहे, फक्त शेवटचा सीझन अजून आलेला नाही. एकच अडचण राहिलीय, आप्पांना कंट्रोलर हातात धरता येत नाही, मांडीवर ठेवतात आणि अंगठा त्या काडीला लागला की भाग पुढं पळतो, मग मला हाक.

राउटरवाली_ताई
पीएस५ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, एचडीएमआय, तिथं एचडीएमआय डिव्हाइस लिंक चालू करा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये पण सीईसी नावाचं असेल ते चालू करा (कंपनीनुसार नाव वेगळं असतं). बऱ्याच टीव्हींवर मग टीव्हीच्याच रिमोटच्या बाणांनी पीएस५ चालतो. आप्पांना तो रिमोट हाताळायची सवय असेलच.

जुळे_सोलापूरकर
चाललं ताई! कंट्रोलर उचलून कपाटात ठेवला, आप्पांनी स्वतः पुढचा भाग लावला.