सोनमोहर, पिवळा गुलमोहर की बहावा?

माटुंग्याला आमच्या गल्लीत सध्या पिवळ्या फुलांचा सडा पडलाय, उभ्या टॅक्सीच्या टपावरसुद्धा. शेजारच्या काकू म्हणतात बहावा, वॉचमन म्हणतो पिवळा गुलमोहर, झाडावरच्या पाटीवर लिहिलंय सोनमोहर. बरोबर काय? आणि यातला 'मोहर' म्हणजे नाणं की आंब्याचा मोहोर?

— बहावा नक्की नाही. बहाव्याचे घोस खाली लोंबतात. शेंग हातभर लांब, गोल, काळी, आतला मगज रेचक म्हणून देतात. तुमच्या झाडाचे तुरे वर उभे असतील, कळ्या गंजाच्या रंगाच्या, मखमली, पाकळ्या चुरगळल्यासारख्या. शेंगा चपट्या, तांबूस. म्हणून पुस्तकांत 'ताम्रवृक्ष'ही सापडेल, पण तसं बोलतं कोण? सोनमोहरच म्हणा. 'पिवळा गुलमोहर' मी टाळेन. खऱ्या गुलमोहरातही पिवळ्या फुलांची झाडं असतात, मग त्यांना काय म्हणायचं?

— 'गुल' फारसी, म्हणजे फूल. शिक्का किंवा नाणं या अर्थाची 'मोहर'ही फारसीच. पण नाणं 'ती मोहर', आंब्याचा 'तो मोहोर', आणि आपण म्हणतो 'गुलमोहर फुलला'. मराठी कानाने नाणं कधीच सोडून दिलंय.

— लिंगाचा पुरावा लंगडा आहे हो. चिंच, बाभूळ स्त्रीलिंगी. पळस, पांगारा पुल्लिंगी. आणि चारही झाडं शेंगांच्याच कुळातली. झाडाच्या लिंगावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

— बरं, मग नीलमोहर घ्या. जॅकरांडाला आपण हे नाव दिलं. ते झाड शेंगांच्या कुळातलंही नाही, टेटू नावाच्या झाडाच्या कुळातलं आहे. निळं नाणं कुणी पाहिलंय? गुलमोहर मादागास्करचा, सोनमोहर आग्नेय आशियाकडचा, जॅकरांडा दक्षिण अमेरिकेतला. तिघांना जोडणारा धागा एकच, बहर आला की अख्खं झाड रंगतं. 'गुलमोहर' कुठूनही आलेला असो, त्यातला 'मोहर' मराठीने सुटा काढून प्रत्ययासारखा वापरलाय. सोनमोहरात 'सोन' आहे म्हणून नाण्याचा भास होतो एवढंच.

— जाता जाता: 'गुलमोहरचं झाड' की 'गुलमोहराचं'? मुंबईत पहिलं सर्रास चालतं.

— सामान्यरूप करा, 'गुलमोहराचं'. तसंच 'सोनमोहराखाली'. गाडी तिथे लावणार असाल तर वायपरच्या फटीत अडकलेल्या पाकळ्या आधी काढा.