साठीनंतरचं बीपी आणि रोजची हालचाल: तुमचे अनुभव

साठी उलटली की गप्पांत 'तुझं किती?' हा प्रश्न येतोच, आणि तो पेन्शनबद्दल नसतो. काढे, चूर्ण आणि मोबाइलवर फिरणारे रामबाण उपाय इथे नकोत. रोजच्या कामात, फिरण्यात, जिन्यावर काय बदललं आणि आकड्यात काय फरक पडला, तेवढं लिहा. गोळी चालू आहे का, तेही सांगा. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

पुणे, वय ७१
पर्वतीच्या १०३ पायऱ्या. पूर्वी एका दमात चढायचो, आता मध्ये थांबतो, त्याची लाज वाटत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं माप सोपं आहे: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. असा दम आठवड्याला एकूण १५० मिनिटं लागला तरी पुरे. वरचा आकडा दीडशेच्या घरात असायचा, आता १४०च्या आत असतो. गोळी सुटलेली नाही, पण वाढवावीही लागली नाही. उतरताना मात्र कठडा धरतोच.

डोंबिवली, वय ६६
पुरुषांना टेकडी आहे, आम्हाला ओटा. भाजीला रिक्षाने जाणं बंद केलं आणि लिफ्ट फक्त सामान असेल तेव्हा. मालिकेत जाहिराती लागल्या की उठून पॅसेजमध्ये फेऱ्या. फरक पडला, पण खरा पडला तो मिठाचा हिशोब लावल्यावर. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्या हिशोबाने दोघांच्या घरात किलोची पुडी तीन महिन्यांवर चालायला हवी. आमची दीड महिन्यात संपायची! वर पापड आणि फरसाण वेगळं. आता ताटात वरून मीठ नाही.

कोल्हापूर, वय ६९
रंकाळ्यावर रोज. चालणं कमी आन् गप्पा जास्त, असं घरचं म्हणत्यात. आकडा थोडा उतरलाय. रविवारचा तांबडा-पांढरा सोडलेला नाही, विचारू नये.

नागपूर, निवृत्त परिचारिका
सगळे आकडे लिहिताहेत, मोजता कसे ते कोणीच लिहीत नाही. चालून आल्या आल्या पट्टा बांधू नका. व्यायामानंतर काही तास बीपी एरवीपेक्षा कमी राहू शकतं, तोच आकडा वहीत लिहून खूश होण्यात अर्थ नाही. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको आणि मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजा. घरी सरासरी १३५/८५च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना वही दाखवा.

आणखी एक. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतं, घाम जातो, त्यात पाणी काढणारी गोळी चालू असली तर बीपी फार उतरून उभं राहताना गरगरतं. एका शेजारणीने 'आता नॉर्मल आहे' म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या, तेही चूकच. कमी करायच्या तर डॉक्टर करतील.

मालवणजवळ, वय ७४
माडाक शिंपण घालण्यात जन्म गेलो, तरी बीपी इलाच. बापाशीकय होता. तेव्हा कष्ट करणाऱ्याक होत नाय, ह्या कोणी सांगू नका. तपासून घ्या.

ठाणे, वय ६३
गुडघे शाबूत असणाऱ्यांसाठी: भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २०२३ साली जुन्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात अशा स्थिर व्यायामांनी बीपी चालण्या-धावण्यापेक्षाही जास्त उतरलेलं दिसलं. श्वास मात्र रोखायचा नाही, रोखला तर आकडा तेवढ्यापुरता उसळतो. मी फार खाली बसत नाही, मांड्या थरथरायला लागल्या की उठतो. बीपी खूपच वाढलेलं असेल तर आधी विचारूनच.

सातारा, वय ६४
डोंबिवलीच्या ताई, पुडीचा हिशोब लावायला घेतलाय. लोणच्याच्या बरणीत गेलेलं मीठ धरायचं का?

डोंबिवली, वय ६६
धरायचं. आणि बरणी कोण संपवतंय तेही बघा.