स्क्लेरोडर्मामुळे फुफ्फुसाचे फायब्रोसिस: दुसरे औषध जोडावे का?

सायली_७४: आईला (वय ५८) स्क्लेरोडर्मा (त्वचा व आतले अवयव कडक करणारा आजार) असून फुफ्फुसांच्या तळाशी फायब्रोसिस (ऊतींवर व्रण पडून त्या कडक होणे) आहे. दीड वर्ष मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) घेऊनही एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडता येणारी हवा, अपेक्षेच्या टक्क्यांत) ७६ टक्क्यांवरून ७१ वर आली, म्हणून डॉक्टरांनी जोडीला निन्टेडॅनिब किंवा पिरफेनिडोन ही फायब्रोसिस मंदावणारी औषधे सुचवली आहेत. जोड-औषधाचा खर्च महिन्याला चार हजारांच्या आत बसायला हवा.

काकासाहेब: माझा सल्ला सरळ आहे, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारे यंत्र) घेऊन टाका. आम्ही पंचावन्न हजारांचा घेतला आणि पश्चात्ताप झाला नाही.

सायली_७४: काका, आईचे ऑक्सिजन ९७ आहे.

मृण्मयी: मी स्वतः रुग्ण आहे आणि मायकोफेनोलेटबरोबर दोन वर्षे निन्टेडॅनिब घेते. १५० मिलिग्रॅम दोनदा सुरू केल्यावर पुतणीच्या लग्नात पहिला घास घेण्याआधीच पंगतीतून उठावे लागले. मात्रा १०० वर आणल्यावर निभावले. तरीही तेच घ्या. यकृताच्या रक्तचाचण्या मात्र चुकवू नका.

निवृत्त_फार्मासिस्ट: २०१९ च्या सेन्सिस या औषध-चाचणीत ५७६ रुग्ण होते. वर्षभरात निन्टेडॅनिब घेणाऱ्यांची एफव्हीसी सरासरी ५२ मिलिलिटरने घटली, प्लासिबोवाल्यांची (औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांची) ९३ ने. जुलाब मात्र ७६ टक्क्यांना झाले.

काकासाहेब: म्हणजे फरक ४१ मिलिलिटरचा! कटिंग चहाही याहून जास्त भरतो.

निवृत्त_फार्मासिस्ट: फुफ्फुस दरवर्षी झिजत असेल, तर ही बचत साठत जाते. मात्र सुमारे निम्मे रुग्ण आधीपासूनच मायकोफेनोलेटवर होते. जोडी द्यायची की एकटे औषध, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. पिरफेनिडोनची जोडी खास तपासायला स्क्लेरोडर्मा लंग स्टडी ३ निघाला. १५० रुग्ण हवे होते, मिळाले ५१. जोडीवाल्यांत सुधारणा लवकर दिसली, पण १८ महिन्यांनंतर दोन गटांत ठळक फरक उरला नाही. शिवाय तिथे दोन्ही औषधे एकदमच सुरू केली होती. आपल्या आईंचे तसे नाही.

मृण्मयी: म्हणूनच मी निन्टेडॅनिब म्हणते आहे.

अभिजित_सांगली: आधी सांगा, आईंच्या एफव्हीसीच्या दोन्ही चाचण्या एकाच यंत्रावर झाल्या का? आमच्याकडे तंत्रज्ञ बदलला आणि बहिणीचे चार टक्के एका दुपारीत ‘घटले’. बाकी, निन्टेडॅनिबच घ्या.

सायली_७४: यंत्र एकच होते. सर्वांचा कल निन्टेडॅनिबकडे आहे, हे कळले. परंतु या आजाराने आईचे आतडे आधीच बिघडले आहे आणि जुलाबांचा आकडा ऐकून तिने स्पष्ट नकार दिला. पुरावा तोकडा आहे असे सांगूनच डॉक्टरांनी पिरफेनिडोन लिहून दिले आहे. त्यात उन्हाची ॲलर्जी होऊ शकते, पण आईचे देऊळ पहाटे साडेपाचचे असते.

काकासाहेब: कॉन्सन्ट्रेटरचा विचार व्हावा.