टार्कस, झपताल आणि भात्याचा हात

पेटीवाला_काका
आयुष्यभर पेटी वाजवली, भजनाला आणि तबल्यामागे लेहरा, म्हणजे तालाच्या मापाची तीच धून फिरवत, धरायला. परवा पुतण्याने इमर्सन, लेक अँड पामर या रॉक बँडचं ‘टार्कस’ ऐकवलं. 1971 चं, तबकडीची अख्खी एक बाजू एकच रचना. सुरुवातीलाच डावा हात एक तुकडा घोळवत राहतो. मात्रा मोजल्या, दहा भरल्या. म्हटलं, हा तर झपतालाचा लेहरा! पण 2-3-2-3 धरलं की घसरतो. शिवाय माझ्या डाव्या हाताने चाळीस वर्षं नुसता भाता मारलाय. कीबोर्डवर ऑर्गन लावून उजव्याने वाजवावं तर सगळी खिचडी. चुकतंय कुठे?

रात्रपाळी
दहा मात्रा बरोबर, पण टाळी-खाली विसरा. दहाही सारख्या वजनाने मोजा, जोर कुठे पडतो ते पामरच्या ड्रमवर ऐका.
खिचडीचं कारण तुमची पेटीची बोटं. पेटीवर आपण सूर सुराला चिकटवतो. इमर्सन वाजवायचा त्या हॅमंड ऑर्गनमध्ये ‘पर्कशन’ नावाची सोय आहे, सुराच्या तोंडाशी ‘टक्’ देणारी. सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय ती पुन्हा वाजतच नाही. एक बोट जरी दाबलेलं राहिलं, तर पुढचे सूर बिनटकाचे. बरेचसे कीबोर्डही हीच नक्कल करतात. बोटं उचला. आणि हॅमंडवर पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. लहानमोठा करायचा उजव्या पायाच्या पेडलने. तुमचा भाता पायात गेला म्हणा ना.

सुरेल_वैतागलेला
एवढं करून हाती काय? तो इमर्सन ऑर्गनमध्ये सुरे खुपसायचा, अंगावर पाडून घ्यायचा. याला संगीत म्हणायचं?

रात्रपाळी
सुरा पट्ट्यांच्या फटीत. पट्टी दाबलेली राहते, सूर चालू राहतो, दोन्ही हात मोकळे. आपण सूरपेटी लावतो, त्याने सुरा लावला. आणि आपटायचा तो लहान हॅमंड, एल-100. वाजवायचा सी-3 वेगळा. तेवढा हिशेबी होता.

पेटीवाला_काका
बोटं उचलून पाहिली. ‘टक्’ आला हो! डावा हात अजून चार आवर्तनांत दमतो. पाचव्याला वाजवायचं सोडून आपोआप भाता शोधायला लागतो, बायको दारात उभी राहून हसते.