[मंडळ यादी] नाताळात नायगारा: गाडीने जावं का?

प्रेषक: समीर
नमस्कार मंडळी,
आई-बाबा जानेवारीअखेरपर्यंत आमच्याकडे ओहायोत कोलंबसला आहेत. नायगारा बघितल्याशिवाय परत जाणार नाही, असं बाबांनी विमानाचं तिकीट काढतानाच जाहीर केलंय. मला सुट्टी २३ ते २७ डिसेंबर. नकाशा साधारण साडेपाच तास दाखवतो. भाड्याने मोठी गाडी घ्यावी म्हणतोय. ह्यूस्टनहून इकडे येऊन वर्षही झालेलं नाही, त्यामुळे बर्फात हायवेवर गाडी चालवायची वेळच आलेली नाही. बाबांचं इन्सुलिन चालू आहे, शिवाय बरोबर तीन वर्षांची लेक. काय काय बघून ठेवू?

प्रेषक: मोहनकाका
खुशाल जा रे. थंडीत गर्दी नसते आणि कठड्यावर, झाडांवर गोठलेले तुषार बघण्यासारखे असतात. बोट मात्र बंद असते, ते बाबांना आधीच सांग, नाहीतर तिथे जाऊन रुसतील. आणि पलीकडची रोषणाई बघायची असेल तर आई-बाबांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागेल. पुलावर पोचल्यावर कळलं तर पंचाईत.

प्रेषक: विद्या
समीर, मोहनकाकांचं 'खुशाल' जरा बाजूला ठेव. आम्ही नायगाराजवळच्या बफेलोत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

कोलंबसचं आकाश बघून निघू नकोस. क्लीव्हलँड मागे पडलं की आय-९० हायवे थेट बफेलोपर्यंत लेक एरीच्या काठाकाठाने जातो आणि सगळी मेख तिथेच आहे. डिसेंबरात ते तळं सहसा गोठलेलं नसतं. गार वारा त्याच्या लांबीभर वाहत येतो, वाफ उचलतो आणि काठावर बर्फ ओततो. तोही सरसकट नाही, अरुंद पट्ट्यात. बफेलोच्या उत्तरेला लख्ख ऊन आणि दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क गावात समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत, असं आम्ही कितीदा पाहिलंय. वाटेतल्या एरी गावात २०१७ च्या नाताळच्या एका दिवसात ३४ इंच बर्फ पडला होता.

२०२२ तर विसरणं शक्य नाही. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता. २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला बफेलोच्या एरी काउंटीने (जिल्ह्याने; वरचं एरी गाव वेगळं) गाड्या चालवायला बंदी घातली, पण तोवर कितीतरी लोक कामाला बाहेर पडले होते. वादळ ३७ तास हललं नाही. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही अडकलेल्या गाडीतच. अग्निशमनच्या गाड्या, रुग्णवाहिकासुद्धा रुतल्या होत्या. आणीबाणीच्या ९११ ला फोन लागला तरी येणार कोण?

म्हणून आधी हॉटेल असं घे, की आदल्या दिवशीपर्यंत फुकट रद्द करता येईल. पैसे अडकले की माणूस 'बघू, जाऊन तर येऊ' म्हणतो आणि निघतो. निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी हवामान खात्याच्या बफेलो आणि क्लीव्हलँड अशा दोन्ही कार्यालयांचा अंदाज वाच. न्यूयॉर्कच्या हद्दीतले रस्ते ५११ नंबरवर कळतात. 'लेक इफेक्ट वॉर्निंग', म्हणजे तळ्यावरून येणाऱ्या या बर्फाचा इशारा, दिसली तर जाणं रद्द. वाटेत कळलं तर एरीलाच मुक्काम कर, पुढे रेटू नकोस.

तरीही अडकलातच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. पांढऱ्या अंधारात दहा पावलांवरची गाडी सापडत नाही. इंजिन सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ हाताने, फावड्याने, कशानेही काढायचा. तो बुजला की धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप लागते आणि माणूस उठत नाही. तासाला दहाएक मिनिटं हीटर, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली, आणि दर वेळी सायलेन्सर पुन्हा बघायचा. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही ती यासाठीच.

बाबांचं इन्सुलिन डिकीत अजिबात नको. गोठलं की वाया गेलं, वितळवून चालत नाही. आतल्या खिशात ठेवा, हीटरच्या झोतासमोरही नको. लेकीला फुगीर जॅकेट घालून कारसीटमध्ये बांधू नकोस. पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढ, पट्टा आवळ, वरून पांघरूण घाल. बाकी दशम्या-चटणी, पाणी, गोधड्या, फोनची बॅटरी हे आई बघतीलच.

प्रेषक: नीलेश
विद्याताईंनी सगळं सांगितलंय. भाड्याच्या गाडीबद्दल दोनच गोष्टी. टायर बहुधा ऑल-सीझन असतात, खास बर्फाचे नाहीत, गाडी ताब्यात घेतानाच नक्षी किती झिजलीय ते बघ. आणि काच धुवायचं निळं पाणी उन्हाळी असेल तर गोठतं. ट्रकने उडवलेला मिठाचा चिखल काचेवर बसला की वायपर नुसता फासत राहतो. शून्याखाली चालणारं पाणी भरून घे. क्रूझ कंट्रोल बंद ठेव, पूल आधी गोठतात हे ध्यानात ठेव. चारही चाकांना जोर देणारी गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही.

प्रेषक: समीर
सगळ्यांचे आभार. पहिलं हॉटेल पैसे परत देणारं नव्हतं, थोडे पैसे बुडवून दुसरं घेतलं. आता २६ ला उजेडात निघायचं, अंधाराआधी पोचायचं. वॉर्निंग आली तर संक्रांतीनंतरच्या लाँग वीकेंडला पुन्हा बघू. बाबांना सगळी मेल वाचून दाखवली. त्यांचं एकच म्हणणं: 'बोट नाही तर तिकीट स्वस्त असेल ना?'

प्रेषक: मोहनकाका
बरोबर केलंस. फावडं आणि बर्फ खरवडायचं माझ्या गराजमध्ये आहे, २४ ला संध्याकाळपर्यंत घेऊन जा. नाहीच जमलं निघायला तर २६ ला सगळे आमच्याकडे जेवायला या. बाबा ब्रिज खेळतात का? आम्हाला चौथा भिडू हवाच आहे.