चिमणराव पाहिलेल्या सोलापूरकरांनो, आठवेल ते लिहा

ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेल्याची बातमी आली तेव्हा आईचा घास हातातच राहिला. "गुंड्याभाऊ गेले," एवढंच म्हणाली. लग्नाआधी ती गिरगावात राहायची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव गुंड्याभाऊ' लागायचं, ते तिनं चाळीतल्या दुसऱ्यांच्या बिऱ्हाडात, उंबऱ्यावर बसून पाहिलेलं.

त्या रात्री मी शोधायला बसलो. हाती लागलं ते फार थोडं. चिं. वि. जोशींच्या गोष्टी, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, विजया जोगळेकर-धुमाळे यांची निर्मिती. मराठी टीव्हीच्या अगदी सुरुवातीच्या मालिकांपैकी ही एक, आणि तिचे बहुतेक भाग आज उरलेले नाहीत. फिती महाग असत, म्हणून जुनं पुसून त्यांच्यावरच नवं मुद्रण होई.

पुस्तकं आहेत, त्यामुळे गोष्टी कुठं जात नाहीत. पण चिमणराव दारात कसा उभा राहायचा, त्याची बायको काऊ उत्तर देताना मान कशी वळवायची, हे ज्यांनी पाहिलं त्यांच्याजवळच आहे, आणि ती माणसं आता साठीला आलीत किंवा पुढं गेलीत. सोलापुरात तेव्हा मुंबई केंद्र दिसत नव्हतं. तरी सुट्टीत जाऊन पाहिलेले, लग्न होऊन इथं आलेले, बदलीवर आलेले असतीलच. एक ओळ असली तरी लिहा. आलेली उत्तरं लिहिणाऱ्याच्या भागाच्या नावाखाली इथंच देतोय.

रेल्वे लाइन्स

वडील रेल्वेत होते. पासावर दर मे महिन्यात दादरला आत्याकडे जायचो. तिचा शटरचा टीव्ही, आणि शटरची किल्ली तिच्या कमरेला. चिमणराव लागायच्या दिवशी दहा बाय बाराच्या खोलीत तीस-चाळीस माणसं. मला जागा मिळाली ती ट्रंकांच्या चळतीवर. मी दहा वर्षांचा होतो आणि मालिकेचा एकच भाग पाहिला. चिमणरावाचा तो चिरका, रडवेला सूर आणि शेजारी मिशाळ, धिप्पाड गुंड्याभाऊ. हसून हसून मी वरून खाली पडायच्या बेतात होतो.

सोलापुरात परत आलो आणि गल्लीत तो भाग करून दाखवला. दोन खांबांना चादर बांधून पडदा केला. मित्राला गुंड्याभाऊ केलं, कारण गुंड्याभाऊला लागणारं दांडकं त्याच्या घरी होतं. आठ दिवसांनी पोरं दारात हजर. "पुढचं दाखव की बे." पुढचं मी पाहिलंच नव्हतं! मग आईनं हिराचंद नेमचंद वाचनालयातून चिं. विं.चं पुस्तक आणून दिलं, आणि त्यातल्या गोष्टींवरून आम्ही सुट्टी संपेपर्यंत पुढचे भाग करत राहिलो.

आता अडचण अशी झालीय की आठवतो तो प्रसंग आत्याच्या टीव्हीतला की आमच्या अंगणातला, हे मला वेगळं करता येत नाही. ट्रंकेचा थंड पत्रा तेवढा नक्की तिथला आहे.

अशोक चौकाजवळ, पूर्व भाग

आमच्या घरात तेलुगू. खाली चार यंत्रमाग, वर आम्ही. टीव्ही आला तो १९८४ नंतर. त्या वर्षी देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहत होती. पण आमच्याकडे दिसायचं ते दिल्लीचं. 'हम लोग', आणि शुक्रवारी रात्री 'ये जो है ज़िंदगी'. सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन यायचे. तेवढा अर्धा तास वडील माग बंद ठेवायचे. त्या घरात माग बंद म्हणजे काय, हे पूर्व भागातल्यांना सांगायला नको. शांततेनं कानात गुणगुण व्हायची.

चिमणराव मला मिळाला तो शाळेत, मराठीच्या बाईंकडून. बाई पुण्याच्या. पुण्यात १९७३ पासून मुंबईचे कार्यक्रम दिसत, त्यामुळे त्यांनी मालिका घरी बसून पाहिलेली. तास संपायला पाच-दहा मिनिटं उरली की त्या चिमणराव करून दाखवायच्या. माझं मराठी तेव्हा अडखळत चालायचं. पण चिमण, काऊ, मोरू, राघू, मैना ही नावं एकदा ऐकली आणि पाठ झाली. सगळं घरच पाखरांचं!

२००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं. त्यातले आबा म्हणजे प्रभावळकरच. ते बोलायला लागले आणि मी बायकोला म्हणालो, हा आवाज मला माहीत आहे. कधीही न पाहिलेला चिमणराव मी बाईंच्या नकलेवरून ओळखला. बाईंचा पत्ता कुणाकडे असेल तर हे त्यांना कळवायचं आहे.

जुळे सोलापूर

माझ्या सासूबाई ठाण्याच्या. सासरे काही कामात धडपडले की आजही म्हणतात, "बोलवा आता गुंड्याभाऊला." मी बावीस वर्षं हे ऐकतेय. त्यामागं मालिका आहे हे आज कळलं.

नवी पेठ, टीव्ही दुरुस्ती

मी हे काम १९८२ साली शिकलो, एशियाडच्या वर्षी, रंगीत प्रसारण सुरू झालं तेव्हा. लोक विचारतात, कुणाच्या घरी तरी रेकॉर्डिंग असेल ना? असायची शक्यता फार कमी. चिमणरावाच्या वेळी आपल्याकडच्या घरांत व्हीसीआर नव्हतेच. दूरदर्शनची फीत मोठी, तिचं यंत्र मोठं, ते सगळं केंद्रात. तिथं पुसलं की संपलं. पुढं व्हिडिओ कॅसेट घराघरांत आल्या, म्हणून नंतरचं काही काही लोकांच्या कपाटात सापडतं. त्यामुळं व्हिडिओत शोधू नका. ऑडिओत शोधा. टेपरेकॉर्डर बऱ्याच घरांत होते.

गिरगावची आई (मी लिहून घेतलं)

"उंबऱ्यावरून अर्धाच पडदा दिसायचा. उजवीकडचा. त्यामुळं डावीकडं उभा राहणारा माणूस मला नुसता ऐकू यायचा. मध्येच मुंग्या आल्या की घरमालकांचा मुलगा गच्चीवर पळायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, आलं, आलं, गेलं! आणि एक, आमचे अण्णा कधीच मोठ्यानं हसत नसत. चिमणरावाला हसायचे. धोतराचा सोगा तोंडाला लावून."

सात रस्ता

वरचं टेपरेकॉर्डरचं वाचून माळ्यावर चढले. माझे मामा मुंबईला होते. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी एक भाग भरला होता आणि कॅसेट आजोबांसाठी सोलापूरला पाठवली होती. वर पेन्सिलीनं 'चि. गुं.' लिहिलंय. मी लहानपणी ऐकलीय. त्यात मामीच्या कुकरच्या शिट्ट्या आहेत, त्यामुळे दोन-तीन वाक्यं बुडतात. आजोबा ती चादरीखाली घेऊन ऐकायचे. कॅसेट मिळाली, पण आत पांढरं काहीतरी धरलंय. घरातल्या जुन्या टू-इन-वनमध्ये लावून बघू का?

नवी पेठ, टीव्ही दुरुस्ती

लावू नका ओ ताई! ती बुरशी आहे. फीत चिकटली असली तर पहिल्याच फेऱ्यात तुटेल. पेन्सिल घालून फिरवूही नका. कोरड्या कागदात गुंडाळून आणा, डबा उघडून फीत दुसऱ्या डब्यात बसवू आणि मगच वाजवू. एकदा वाजली की तेव्हाच्या तेव्हा भरून घेऊ, पुन्हा वाजेल याचा भरवसा नाही. रविवारी दुकान बंद असतं, मी तुमच्यासाठी उघडतो.

गिरगावच्या आईचा मुलगा

ताई, तुमची हरकत नसेल तर रविवारी आईला घेऊन येतो. ती म्हणते, नुसत्या आवाजावर तिला सांगता येईल.