रात्री अकरानंतरचा टीव्ही नेमका कोणासाठी?

केळीपट्टा_रावेर

काल एका भाऊंनी इथे लिहिलं, "रात्री अकरानंतर टीव्ही बघणारा एकतर आजारी, नाहीतर रिकामटेकडा. अमेरिकेतही असले कार्यक्रम बंद पडताहेत, आपल्याला हवेत कशाला?" वाचल्यापासून डोकं तापलंय.

आमच्या रावेर-यावलमध्ये रात्री एक वाजता निम्मं गाव जागं असतं. शेतपंपाला लागणारी थ्री फेज वीज आली की केळीला पाणी द्यायला उठावंच लागतं. भुसावळला रेल्वेवाले, दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवाले जागेच. हे सगळे रिकामटेकडे?

अमेरिकेत 'टुनाइट शो' हा रात्री उशिराचा गप्पांचा कार्यक्रम 1954 पासून चालू आहे. जॉनी कार्सननं तो 1962 ते 1992 अशी तीस वर्षं एकट्याच्या खांद्यावर ओढला. जपानमध्ये रात्री एकचा कार्यक्रम वेळापत्रकात '25 वाजता' असा छापतात. जागणाऱ्याचा दिवस अजून संपलेला नाही, हे तिथे धरूनच चालतात. आणि आपल्याकडे? बारा वाजले की लॉकेट, केसांचं तेल आणि गळ्यात घालायच्या दैवी यंत्रांच्या जाहिराती. मी शेतात, आई घरी जागी. तिनं असंच एक यंत्र मागवलं. डबी उघडली तर पिवळा मुलामा दिलेला पत्रा आणि मधे भिंगाचा मणी. मुलामा महिनाभरात काळा पडला. दैवी शक्तीचे दावे करून यंत्रं विकणाऱ्या जाहिराती बेकायदा आहेत, असं औरंगाबाद खंडपीठानं 2021 च्या जानेवारीत सांगितलं. आई आधीच फसली होती.

गुरुजी_अमळनेर

भाऊ, तुमच्या आईंचं वाईट वाटलं. पण अर्धंच सांगू नका. जपानमधले रात्रीचे बहुतेक कार्टून कार्यक्रम निर्माते स्वतः पैसे मोजून, वेळ विकत घेऊन दाखवतात, पुढे डिस्क आणि खेळणी खपावीत म्हणून. ती प्रेक्षकांची सेवा नव्हे, धंदा आहे. अमेरिकेत 1984 मध्ये जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा उठली आणि तिथेही मध्यरात्री अर्धा-अर्धा तास मालच विकायला लागले. तिथल्या सीबीएस वाहिनीनं तर 2025 च्या जुलैत असाच रात्रीचा 'लेट शो' बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण आर्थिक सांगितलं. जिथे कार्सन झाला तिथे ही गत, तर रावेरच्या रात्रीला जाहिरातदार कोण देणार?

आणि जागायचंच कशाला? ठिबक आहे, वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो आहे. बटण दाबा आणि झोपा. जागरणानं तब्येतीची वाट लागते, हे मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो.

यावलची_सूनबाई

गुरुजी, तुम्ही वयानं मोठे आहात म्हणून शब्द आवरते. पण तुम्ही रात्री मळ्यात कधी गेलात? ऑटो लावून झोपलं आणि व्होल्टेज पडलं तर मोटार जळते. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज उडाला तर बघायला माणूसच लागतो. ठिबकचे व्हॉल हातानं फिरवावे लागतात. एका बाजूचं भिजलं की दुसरा खोला, पहिला बंद करा. अंधारात, चिखलात, केळीच्या पानांत वाकून. माझ्या दिराला अशाच रात्री व्हॉलजवळ घोणस चावली. दवाखान्यात नेईपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला होता. वाचले, पण अजून लंगडतात. "बटण दाबा आणि झोपा" हे त्यांच्यासमोर म्हणून दाखवा.

टीव्ही राहू द्या बाजूला. आधी दिवसा लाइट द्या. आळीपाळीनं दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास, हे किती वर्षं? दीपनगरच्या चिमण्या इथून जवळ, वीज तिथे तयार होते आणि आम्ही बॅटरी घेऊन बांधावर. शेतीला दिवसा सौर वीज द्यायची सौर कृषी वाहिनीची योजना 2017 ची, 2023 मध्ये दुसरी आवृत्ती आली. आमच्या फीडरला, म्हणजे गावाच्या वीजवाहिनीला, दिवसाची लाइट अजून नाही.

धुळेकर_पोरगा

काय सांगस भाऊ! आते टीव्ही कोन देखस? सगळं मोबाइलवर आहे. पाहिजे तेव्हा, पाहिजे ते बघा.

यावलची_सूनबाई

मळ्यात रेंज नाही दादा. जनावरं रोखायला कुंपणाला लावलेलं झटका मशीन चालतं तेवढंच.

रातपाळी_भुसावळ

मला टीव्ही हवा म्हणणाऱ्यांचंही पटत नाही आणि नको म्हणणाऱ्यांचंही. रात्री ज्याचे हात कामात असतात त्याला टीव्ही काय कामाचा? त्याला रेडिओ हवा. आकाशवाणी जळगाव रात्री बंद झालं की आमच्या भागाचा आवाजच संपतो. बीबीसी वन एकेकाळी रात्री राष्ट्रगीत वाजवून बंद व्हायचं. 1997 पासून त्यांनी तीच वाहिनी रात्रभर बातम्यांना दिली. खर्च फारसा नाही, कारण बातम्यांची वाहिनी तशीही चालूच असते. आपल्याला तेवढंही जमू नये?

एक मात्र खरं. 2014 ला ब्राझीलमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप होता, तेव्हा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला लागला. आमच्या चाळीत त्या रात्री एकही घर झोपलं नव्हतं. माणसाला दाखवण्यासारखं काही असलं तर तो जागतो, रिकामटेकडा असो वा नसो.

गुरुजी_अमळनेर

बाई, व्हॉलचं आणि फ्यूजचं मला माहीत नव्हतं. ते शब्द मागे घेतो. पण तुम्हीच सिद्ध केलंत की जागरण ही शेतकऱ्याची हौस नाही, सक्ती आहे. मग सक्तीच्या जागरणाला करमणूक लावून ते रूढ का करायचं? उद्या वीज कंपनी म्हणेल, यांना रात्रीचे कार्यक्रम आहेत, दिवसाची लाइट कशाला?

केळीपट्टा_रावेर

गुरुजी, हा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण लाइट येईल तेव्हा येईल, तोवर आईनं लॉकेटंच बघायची? दूरदर्शनची किसान वाहिनी 2015 पासून आहे. तिनं रात्री बारा ते चार आमच्यासाठी ताजं काहीतरी द्यावं: हवामान, सावदा-रावेरचा केळीचा भाव, फोनवर बोलणारा एखादा शेतीतज्ज्ञ. जाहिरातदार लागत नाही, सरकारी वाहिनी आहे. मी पत्र लिहितोय. सह्या कोण देणार?

यावलची_सूनबाई

माझी घ्या. पण पत्रात पहिली मागणी दिवसाच्या लाइटची. टीव्ही दुसरा. उलटं लिहिलंत तर सही नाही.

गुरुजी_अमळनेर

पहिल्या मागणीखाली माझीही सही. दुसरीखाली नाही.